एमजीबीच्या सिलमधला गंज

१९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी रोडस्टर या इंग्लिश गाडीला वेगळी चासी नाही. पक्के छप्परही नसल्याने बराचसा ताण दारांखालच्या सिलवर, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पेटीवर येतो. साचलेल्या ओलाव्याने ही पेटी आतून सडते; बाहेरचा रंग फुगेपर्यंत आतला उभा पत्रा बहुधा गेलेलाच असतो. वरून ठिगळ मारणे ही निव्वळ रंगसफेदी. सडलेला पत्रा कापण्याआधी गाडी समपातळीत टेकवून दाराच्या चौकटीत लोखंडी आधार लावतात. नाहीतर मधला भाग खचतो आणि दारे बसत नाहीत. मग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवे भाग आधी टाक्यांपुरते वेल्ड करतात, दारांच्या फटी तपासतात आणि मगच पक्के करतात. शेवटी पोकळीत मेण फवारतात. तळाची निचऱ्याची भोके मात्र मोकळी ठेवावीत.