शून्याचे वचन आणि कोळशाचा हिशेब

मुंबईला शंभरांहून अधिक वर्षे वीज पुरविणाऱ्या टाटा पॉवर कंपनीने 2045 पर्यंत आपले कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे वचन दिले आहे. मुंबई महापालिकेच्या मार्च 2022 मध्ये जाहीर झालेल्या वातावरण कृती आराखड्यात हेच साल 2050 आहे. आणि भारत सरकारने 2021 च्या ग्लासगो परिषदेत 2070 ची ग्वाही दिली. ही उद्दिष्टे स्तुत्य आहेत, ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु इतक्या लांबच्या मुदतीने फेडावयाच्या ह्या ऋणाचे वार्षिक हप्ते कोणते, आणि ते थकले तर जाब कोणास विचारावयाचा, हा खरा प्रश्न आहे. शहराच्या एकूण उत्सर्जनापैकी सुमारे 72 टक्के भाग ऊर्जेच्या वापरातून होतो, असे महापालिकेचाच आराखडा सांगतो. तेव्हा हा प्रश्न मुंबईकरांच्या घरचा आहे.

कंपनीच्या पूर्वपुण्याईचा उल्लेख प्रथम केला पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी अडवून 1915 साली खोपोलीस, 1922 साली भिवपुरीस आणि 1927 साली भिऱ्यास तिने वीज निर्माण केली, आणि गिरण्यांच्या ह्या नगरीस धुराविना शक्ती मिळाली. पुढे मागणी वाढली, 1956 साली ट्रॉम्बे येथे औष्णिक केंद्र उभे राहिले आणि कालांतराने गुजरातेत मुंद्रा येथे सुमारे 4,000 मेगावॅटचे कोळशावरील प्रचंड केंद्र आले. पाण्यापासून आरंभ करून कोळशाकडे गेलेली ही संस्था आता सूर्य आणि वारा ह्यांच्याकडे वळते आहे. तिच्या स्थापित क्षमतेपैकी दोन पंचमांशांहून अधिक भाग आज स्वच्छ साधनांचा आहे, आणि 2030 पर्यंत तो 70 टक्क्यांवर नेण्याचा तिचा संकल्प आहे.

मात्र 'स्थापित क्षमता' ह्या शब्दापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. शाळेच्या पटावरील नावे आणि प्रत्यक्ष हजेरी ह्यांत जो फरक असतो, तोच क्षमता आणि निर्मिती ह्यांत असतो. सूर्य मावळला की सौर केंद्र थांबते; वर्षाची सरासरी घेतली तर ते आपल्या क्षमतेच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकीच वीज देते. कोळशाचे संच रात्रंदिवस चालू शकतात. म्हणूनच 2025 साली देशाच्या स्थापित क्षमतेचा निम्मा भाग कोळसा, तेल व वायू ह्यांच्याव्यतिरिक्त साधनांचा झाला, तरी देशातील सुमारे 70 टक्के वीज कोळशापासूनच निघत राहिली. क्षमतेचे आकडे पाहून समाधान मानणारा मनुष्य पट पाहून हजेरी मांडणाऱ्या गुरुजींसारखाच होय.

मुदतींचा आपला अनुभवही फारसा आश्वासक नाही. औष्णिक केंद्रांच्या धुरातील गंधकाचे प्रमाण उतरविणारे नियम केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये केले व त्यांसाठी दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत वारंवार वाढविण्यात आली आणि जुलै 2025 मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसविण्यापासून सूटच मिळाली. दोन वर्षांच्या वचनाची ही गत, तर वीस वर्षांच्या वचनाचे काय, अशी शंका कोणी घेतली तर त्यास दोष देता येणार नाही. ट्रॉम्बेचा 500 मेगावॅटचा कोळशावरील संच 1984 साली सुरू झाला. चाळीस वर्षे उलटली तरी त्याची निवृत्ती लांबतच राहिली आहे.

ह्यास कारणे नाहीत असे नव्हे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी पारेषणात बिघाड होऊन मुंबई अंधारली, आगगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि शहराच्या पोटात स्वतःची वीज हवी ह्या म्हणण्यास बळ आले. पण त्यानंतर, 2023 साली, खारघर-विक्रोळी ही 400 किलोव्होल्टची वाहिनी पूर्ण होऊन बाहेरची वीज आणण्याची सोय वाढली आहे. शहराची निकड खरी. परंतु ती भागविण्यासाठी माहुल-ट्रॉम्बेच्या रहिवाशांनी किती वर्षे धूर सोसावा, ह्यास काही मर्यादा असावी.

रात्रीच्या विजेचा उपाय कंपनीने पुन्हा सह्याद्रीतच शोधला आहे. भिवपुरी व शिरवटा येथे मिळून 2,800 मेगावॅटच्या उदंचन योजनांसाठी तिने ऑगस्ट 2023 मध्ये राज्य शासनाशी करार केला. दिवसा स्वस्त सौर विजेने पाणी वर चढवावयाचे आणि सायंकाळी खाली सोडून वीज घ्यावयाची, अशी ही युक्ती आहे. ती आम्हांस योग्य वाटते. तथापि, ह्याच मावळात 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे शेतकरी आपल्या बुडणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रहास उभे राहिले होते, ह्याचे विस्मरण होता कामा नये. वीज निर्धूर असली म्हणून ती आपोआप न्याय्य ठरत नाही.

मोठ्या कंपन्यांना शाश्वततेचा वार्षिक अहवाल देणे सेबीने 2022-23 पासून बंधनकारक केले आहे. त्या अहवालातील आकडे सामान्य ग्राहकास उमजतील अशा रीतीने त्याच्या देयकावर यावेत: वर्षभरात किती युनिटे कोळशापासून निघाली, प्रत्येक केंद्राने किती टन कार्बन सोडला, गतवर्षीपेक्षा तो घटला की वाढला. ट्रॉम्बेचा कोळसा कोणत्या साली थांबणार, हेही निःसंदिग्ध शब्दांत जाहीर व्हावे.

वीज नियामक आयोग दरांविषयी जाहीर सुनावणी घेतो. तेथे दर कमी करा म्हणणारे पुष्कळ असतात. धुराचा हिशेब मागणारेही असले पाहिजेत, आणि स्वच्छ विजेचा वाजवी खर्च सोसण्याची तयारीही त्यांनी दाखविली पाहिजे. वातानुकूलित खोलीत बसून केवळ कंपनीस बोल लावणे सोपे आहे. हप्ते वेळच्या वेळी वसूल करणारा धनकोच आपले कर्ज परत मिळवितो. येथे तो धनको म्हणजे आपण आणि आपली मुले होत.