बादली, फडकं आणि चाळीस मायक्रॉन

सकाळी सहाच्या सुमाराला पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरावं, एक माणूस बादली आणि फडकं घेऊन ओळीने गाड्या पुसत असतो. आधी टप, मग काचा, बॉनेट, दारं, शेवटी चाकं. फडकं बादलीत बुडतं, पिळलं जातं आणि पुढच्या गाडीवर चढतं. चौथ्या गाडीपर्यंत पाणी चहाच्या रंगाचं होतं. नळ पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसवाले आठला निघणार, तेव्हा पाणी बदलायला वेळ कुठला? मालक लिफ्टमधून उतरता उतरता म्हणतो, “दादा, काचा जरा नीट पुसा हं आज.” दादा मान डोलावतात. काचा खरोखरच नीट पुसतात.

प्रश्न काचांचा नाहीच, रंगाचा आहे. कारच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, म्हणजे क्लिअर कोट, असे थर असतात. या क्लिअर कोटची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस बहुधा याहून जाड भरतो. गाडीची सगळी चमक या थरावर. बांधकामांच्या शहरात रोज बसणाऱ्या धुळीत वाळूचे, म्हणजे सिलिकाचे कण असतात आणि ते या लॅकरपेक्षा कितीतरी कठीण. कोरडी धूळ फडक्याने ओढली की प्रत्येक कण एक बारीक रेघ मारतो. रात्री दिव्याखाली उभ्या केलेल्या काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसतात, त्या याच. पॉलिश मारलं की त्या जातात, पण पॉलिश म्हणजे तोच थर आणखी घासून पातळ करणं. हे दर सहा महिन्यांनी करून घेणाऱ्यांनी मनात एवढा हिशेब ठेवावा.

म्हणून गाडी किती वेळा पुसली यापेक्षा कशी पुसली हे महत्त्वाचं. धूळ आधी पाण्याने सैल करून वाहवून द्यायची, हात नंतर लावायचा. दोन बादल्या घ्यायच्या: एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खंगाळायला नुसतं पाणी. वरून खाली यायचं, चाकांचं फडकं वेगळं ठेवायचं. जुन्या बनियनऐवजी मायक्रोफायबर वापरायचं. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइडच्या अतिबारीक धाग्यांचं हे कापड कणाला पृष्ठभागावर फरफटवण्याऐवजी आपल्या लवेत ओढून घेतं. ते धुताना मात्र फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही, सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकायचं नाही. धाग्यांवर सॉफ्टनरचा थर बसला किंवा सुताचे तंतू अडकले की ते साधं फडकंच होऊन बसतं.

शॅम्पूच्या बाटल्यांवर फेसाची फार जाहिरात असते. फेस डोळ्यांना सुखावतो. खरं काम शॅम्पूच्या बुळबुळीतपणाचं, कण त्यावरून घसरतो आणि रेघ पडत नाही. कपडे धुण्याच्या पावडरमध्ये धुण्याचा सोडा असतो, ती चांगलीच अल्कधर्मी असते, गाडीसाठी नको. भांड्यांचं लिक्विड तितकं जहाल नसतं, पण तेलकटपणा काढणं हेच त्याचं काम, आणि गाडीवरचं मेणही त्याच्या लेखी तेलकटपणाच. पीएच सातच्या आसपास असलेला कुठलाही साधा कार शॅम्पू पुरतो. ब्रँडवरून भांडण्यात अर्थ नाही.

आता वॉशिंग सेंटर. रॅम्पवर चढलेली गाडी, पाण्याचा जोरदार फवारा, वर पांढऱ्या फेसाची गोधडी. हा फेस मात्र उपयोगाचा, कारण हात लावण्याआधी तो मळ सैल करतो. कोकणातून किंवा गोव्याहून आलेल्या गाडीला इथे न्यावंच. जांभ्याची लाल माती मडगार्डच्या आत घट्ट बसते, किनाऱ्याजवळचा खारा ओलावा पत्र्याच्या सांध्यांत शिरतो. घरच्या बादलीने तिथवर हात पोचत नाही. पण इथेच तो ठरलेला प्रश्न येतो: “साहेब, खालून डिझेल मारू का?” मारलेलं डिझेल दोन दिवस काळं, तुकतुकीत दिसतं. मग त्यावर धूळ चिकटते आणि सस्पेन्शनच्या रबरी बुशना तेल लागल्याने ती हळूहळू फुगून मऊ पडतात. सरळ “नको” म्हणावं.

पाण्याचाही विचार आहे. मार्च २०२४ च्या टंचाईत बेंगळुरूच्या जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणाऱ्यांना ५,००० रुपये दंड लावला होता. पाइप न लावता धुण्याची ‘रिन्सलेस’ द्रावणं अशा वेळी कामाची: अर्ध्या बादलीत झाकणभर औषध, चारपाच मायक्रोफायबर, प्रत्येक भागाला कापडाची नवी घडी. मात्र चिखलाने माखलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नये.

डाग काढताना आधी डाग कशाचा आहे ते ओळखावं लागतं. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके म्हणजे वाळलेले कॅल्शियमचे क्षार. ते शॅम्पूने हलत नाहीत, पातळ केलेल्या व्हिनेगरने ताजे असतानाच निघतात. उन्हात गाडी धुवायची नाही ती याचसाठी. पर्जन्यवृक्षाखाली लावलेल्या गाडीवर जो चिकट शिडकावा दिसतो, तो बहुतेकदा झाडावरच्या पिठ्या ढेकणांनी टाकलेला गोड स्राव असतो. कोमट पाण्यात साखर विरघळते, तसाच तोही विरघळतो. डांबराच्या ठिपक्याला पाणी चालत नाही. त्याला पेट्रोलियमचा द्रावक हवा आणि लगेच वरून शॅम्पू. चाकांच्या रिमवरची तपकिरी पूड ब्रेकमधून झिजलेल्या लोखंडाची असते. तिच्यासाठीचं खास औषध फवारलं की ते जांभळं होऊन खाली ओघळतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, म्हणून ते मोकळ्या हवेतच वापरावं. पक्ष्यांची विष्ठा सगळ्यात घातकी. तिच्यातलं यूरिक आम्ल आणि दुपारचं ऊन मिळून क्लिअर कोटवर कायमचा ठसा उमटवतात. ओला कागद पाचदहा मिनिटं वर ठेवायचा आणि उचलून घ्यायचा, घासायचं नाही.

आतल्या सफाईला साधं पथ्य आहे, आधी कोरडं आणि मग ओलं. व्हॅक्यूम न मारता सीटवर फोम टाकला की धुळीचा चिखल होतो. आपल्याकडे ‘लेदर’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याचशा सीट प्रत्यक्षात लेदरेट, म्हणजे प्लॅस्टिकच्या असतात. महागडं लेदर कंडिशनर त्यांच्यात मुरतच नाही. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश बास. डॅशबोर्डवर सिलिकॉनचं पॉलिश मारून तो आरशासारखा करण्याची हौस तर घातकच, भर उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत नाचतं. टचस्क्रीनवर थेट फवारा मारू नये, कापड ओलसर करून पुसावं.

पावसाळ्यात गाडीला येणारा कुबट वास परफ्यूमच्या बाटलीने जात नाही, फक्त परफ्यूम आणि कुबट असा मिश्र वास येतो. मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबून पाहावा. ओला लागला तर दारं उघडी टाकून आधी तो वाळवावा. वास एसी लावल्यावरच येत असेल तर आतल्या कॉइलवरचा ओलावा त्याच्या मुळाशी असतो. घर जवळ आलं की एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर कॉइल सुकते. बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो. गाडी घेतल्यापासून तो एकदाही न पाहिलेले मालक पुष्कळ आहेत.

आणि दसरा. गाडीची पूजा झाली की बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, जाळीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. संध्याकाळी कोणीतरी साबणाचं फडकं घेऊन हळद पुसायला जातं आणि पांढरी गाडी लालसर होते. हळदीतला कर्क्युमिन अल्कलीत लाल होतो. चुना मिसळून हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर. घाबरायचं कारण नाही. नुसत्या पाण्याने पूड वाहवून द्यावी, थोडं व्हिनेगर लावलं तर लाली परत पिवळी होते आणि उरलेला पिवळेपणा चारदोन दिवसांच्या उन्हात उडतो, सुती साडीवरचा डाग उडतो तसाच. बाजारातल्या रंग घातलेल्या कुंकवाला मात्र ही सवलत नाही, ते कापडी सीटवर सांडलं की बसलंच. तेव्हा यंदा स्वस्तिक बॉनेटवर काढण्याऐवजी समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढा. काच हळद पीत नाही, कुंकूही नाही.