व्हिटॅमिन सी सीरम: चेहऱ्याला फायदा किती? पैसे घालण्याआधी हे वाचा

बीड : मोबाईल उघडला की रील्समध्ये एक छोटी काचेची बाटली हमखास दिसते. ‘व्हिटॅमिन सी सीरम लावा, काळे डाग घालवा’ असं सांगितलं जातं. आता ही बाटली तालुक्याच्या मेडिकलवरही मिळते. 30 मिलीलीटरला साधारण तीनशे ते सातशे रुपये लागतात, म्हणजे शेतात जाणाऱ्या बाईची दोन-तीन दिवसांची मजुरी. एवढे पैसे घालून हाती काय लागतं?

सीरम काम कसं करतं?

कापूस वेचणी असो, खुरपणी असो की ऊसतोड, दिवसभर ऊन तोंडावर असतं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेच्या पेशींना इजा होते, रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि सुरकुत्या लवकर पडतात. व्हिटॅमिन सी ही इजा काही प्रमाणात कमी करतं. रंगद्रव्य बनण्याचा वेग मंदावतो, त्यामुळे पिंपल्सचे जुने डाग हळूहळू फिके होतात. त्वचा घट्ट ठेवणारं कोलॅजन तयार व्हायलाही त्याची मदत होते.

पण हे काम आठ दिवसांत होत नाही. नियमित लावलं तर फरक दिसायला साधारण तीन महिने लागतात. आणि सीरमने माणूस ‘गोरा’ होत नाही. जन्मजात रंग बदलणं हे त्याचं कामच नाही.

वापरायची पद्धत

- सकाळी चेहरा धुऊन कोरडा करा. तीन-चार थेंब लावा, त्यावर सनस्क्रीन (एसपीएफ 30 किंवा जास्त) लावा. उन्हात असाल तर सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं.
- पहिल्यांदा कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन-तीन दिवस बघा. खाज, लाली, आग झाली तर वापरू नका.
- सुरुवात 10 टक्क्यांच्या सीरमने करा. 20 टक्क्यांच्या पुढे फायदा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते.
- ऊन, हवा आणि गरमी लागली की हे सीरम खराब होतं. गडद रंगाची बाटली घ्या आणि घरातल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात ही काळजी जास्तच हवी. पाण्यासारखं असलेलं सीरम तपकिरी झालं तर फेकून द्या.

लिंबू चोळलं तर चालतं का?

नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. लिंबू जेवणातच बरं. पेरू, आवळा, आपल्या बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ यांतही व्हिटॅमिन सी असतं. बाईला दिवसाला 65 मिलिग्रॅम, पुरुषाला 80 मिलिग्रॅम पुरतं. एका मध्यम पेरूत ही गरज भागते. मात्र खाल्लेल्यापैकी थोडंच त्वचेपर्यंत पोहोचतं, म्हणून ते वरून लावण्याची पद्धत आली.

खरा धोका दुसऱ्याच डबीत

‘सात दिवसांत गोरेपणा’ म्हणणाऱ्या, लेबल नसलेल्या क्रीमपासून सावध राहा. 2023 मध्ये अकोल्यातलं एक प्रकरण समोर आलं. एकाच घरातल्या तिघींना किडनीचा आजार झाला. त्या लावत असलेल्या क्रीममध्ये पारा असल्याचं मुंबईत केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीतून दिसलं. अशा क्रीममध्ये पारा मिसळायला बंदी आहे, तरीही असा माल विकला जातो. चेहऱ्यावर-पायावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला तर क्रीम बंद करा आणि डबी घेऊनच डॉक्टरकडे जा.

दुसरा धोका स्टेरॉईडच्या मलमांचा. सुरुवातीला चेहरा उजळतो, पण पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, केस येतात. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं ट्यूबवर दिसली तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावू नका.

सीरम असो की क्रीम, घेताना उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि घटक बघा. पक्कं बिल घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार करता येते.

पैसे कमी असतील तर?

आधी ऊन अडवा. तोंडाभोवती स्कार्फ किंवा रुमाल, डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि जमेल तेव्हा दुपारी 11 ते 4 सावली. उरलेल्या पैशात सनस्क्रीन. सीरमचा नंबर त्यानंतर लागतो, कारण ऊन अडवलं नाही तर सीरमने फिके झालेले डाग परत गडद होतात.

गालावर वांग असतील, डाग वाढत असतील किंवा त्यांचा आकार बदलत असेल तर सीरमवर वेळ घालवू नका. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वाराती रुग्णालय इथे त्वचारोग तज्ज्ञांना दाखवा.