जपानी वस्त्रकार आणि आपला रोजचा पोशाख



मी कामगार चळवळीतला माणूस. जिनिंगमधले मजूर, मोंढ्यातले हमाल आणि बांधकामावरचे गवंडी यांच्या मजुरीच्या दरांविषयी बोलण्यात माझी तीस वर्षे गेली. शाळा सातवीत सुटली. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि गावोगावच्या वाचनालयांतून. असा माणूस गोरेगावात येऊन जपानी वस्त्रकारांच्या महागड्या कपड्यांवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. मलाही वाटले. पण या विषयाची गाठ माझ्याच घरात पडली, म्हणून तो टाळता आला नाही.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला तो आला तेव्हा अंगात काळे, ढगळ, एका बाजूने लांब आणि दुसऱ्या बाजूने आखूड असे जाकीट होते. खाली तशीच घोळदार काळी विजार, पायात जाड तळाचे काळे बूट. एका जपानी वस्त्रकाराचे ते जाकीट त्याने वापरलेले, म्हणजे दुसऱ्या हाताचे घेतले होते. तरी त्याची किंमत ऐकून मी गप्प झालो. आमच्या जिनिंगमधल्या मजुराची महिन्याची कमाई त्यात गेली असती. बसस्थानकावर पोरे हसली. कोणी विचारले, नाटकात काम करतोस काय? मी त्याला घरी आल्यावर बरेच सुनावले. त्याने ते जाकीट कपाटात ठेवले आणि सुटी संपेपर्यंत बाहेर काढले नाही.

तो परत गेल्यावर मला वाटले, आपण अन्याय केला. संपाच्या वेळी मालकाची बाजूही आपण नीट ऐकून घेतो. मग घरच्या पोराची का ऐकली नाही? म्हणून हे कपडे कोण करतो, कशासाठी करतो, याचा शोध घेऊ लागलो. जे कळले ते आपणांपुढे ठेवतो.

या प्रकरणात तीन नावे मुख्य आहेत. इस्सेई मियाके यांचा जन्म १९३८ सालचा, हिरोशिमाचा. अणुबाँब पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. किरणोत्सर्गाने त्यांची आई पुढे तीन वर्षांच्या आत गेली. २०२२ साली मियाके वारले. योहजी यामामोतो यांचे वडील युद्धात गेले आणि आईने शिवणकाम करून घर चालवले. मुलगा कायदा शिकला, पण अखेर आईच्याच धंद्यात उतरला. रेई कावाकुबो या बाईंनी तर शिवणकामाची कोणतीही शाळा पाहिली नाही. वस्त्रोद्योगातल्या एका कंपनीच्या जाहिरात विभागात त्या कामाला होत्या. १९६९ साली त्यांनी ‘कॉम दे गार्सों’ या नावाने आपले कपडे विकायला सुरुवात केली. माझ्यासारख्या स्वतः शिकलेल्या माणसाला या बाईंविषयी आपुलकी वाटली, हे कबूल करतो.

१९८१ साली यामामोतो आणि कावाकुबो यांनी आपले कपडे पॅरिसमध्ये मांडले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. तिकडची रीत अशी होती की कपडा अंगाला चापून बसावा, कंबर-खांदा उठून दिसावा, रंग झगमगावेत. यांचे कपडे काळे, सैल आणि वेडेवाकडे. १९८२ सालच्या कावाकुबोंच्या एका स्वेटरला तर मुद्दाम भोके ठेवली होती. कित्येक टीकाकारांनी त्यांची कुचेष्टा केली. आमच्या बसस्थानकावरची पोरे त्या टीकाकारांहून वेगळी नव्हती, एवढेच.

आता आपल्या नजरेने पाहू. जपानचा किमोनो सुमारे चौदा इंच पन्ह्याच्या कापडाचे सरळ तुकडे जोडून होतो. कापड अंगाप्रमाणे कातरायचे नाही, अंगानेच कापडात वावरायचे, ही त्यामागची दृष्टी. आपले धोतर, लुगडे, उपरणे यांची दृष्टी हीच नव्हे काय? त्यांना तर कात्रीही लागत नाही. मियाके यांनी आयुष्यभर याच विचाराचा पाठपुरावा केला. अखंड कापड हे वस्त्राचे मूळ, असे ते मानीत. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी अहमदाबादेतल्या कारागिरांबरोबरही काम केले.

दुसरी गोष्ट गोधडीची. उत्तर जपानात थंडीमुळे कापूस पिकत नसे. तिथले गरीब शेतकरी ओसाकाहून जहाजाने येणाऱ्या जुन्या सुती चिंध्या विकत घेत आणि ठिगळावर ठिगळ लावून, धावदोरा घालून पिढ्यान्‌पिढ्या वापरीत. त्या ठिगळांच्या कपड्याला ते ‘बोरो’ म्हणतात. आज तो संग्रहालयात लागतो आणि मोठमोठे वस्त्रकार त्याची नक्कल करतात. आपल्या आयाबायांनी जुन्या लुगड्यांच्या ज्या वाकळा शिवल्या, त्यांची ही सख्खी बहीण. आणि कापसाचे नाते तर जुनेच आहे. १८९३ साली जपानी आगबोटींची कोबे-मुंबई फेरी सुरू झाली ती मुख्यतः आपल्या देशाचा कापूस नेण्यासाठी. म्हणजे हे कपडे दिसतात तितके परके नाहीत.

मग भाच्याचे चुकले कुठे? कपडा वाईट नव्हता. त्याची संगत चुकली होती. पैठणी डोळ्यांपुढे आणा. तिच्या अंगभर बारीक बुट्टी किंवा नुसता सपाट रंग असतो. मोर, कमळे, जर, सगळी श्रीमंती काठात आणि पदरात. पदराने बोलावे आणि अंगाने ऐकावे, अशी ती योजना आहे. अंगभर मोरच मोर काढले असते तर एकही मोर दिसला नसता. आपल्या शेतकऱ्याचेही तसेच: पांढरे धोतर, पांढरा सदरा आणि डोक्याला एकच रंगीत पटका. तो पटका कोसावरून दिसे, कारण खालचे सगळे शांत असे. भाच्याने एका दिवशी चार पटके बांधले होते.

तेव्हा पहिला नियम हा की बोलका कपडा एका वेळी एकच. बाकीचे आपल्या रोजच्या घडीतले असावेत: साधा सुती सदरा, निळी जीन, खादीचा झब्बा, पायात वहाण. स्त्रियांनी एकरंगी सुती साडीवर किंवा साध्या सलवार-कुडत्यावर असे एक जाकीट घातले तर ते शोभते. दुसरा नियम मापाचा. वरचा कपडा घोळदार असेल तर खालचा सरळ असावा. खालचा घोळदार असेल तर वरचा आटोपशीर. दोन्ही घोळदार झाले की माणूस हरवतो. तिसरा नियम रंगाचा. काळ्याला पांढरा, मातकट आणि विटका निळा हे सोबती चांगले. काळ्यावर काळा चढवणे जमते, पण त्यासाठी पोत वेगवेगळे लागतात, आणि नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले. ‘ॲपल’चे स्टीव्ह जॉब्झ वर्षानुवर्षे उंच गळ्याचा काळा बनियनवजा सदरा घालीत. तो मियाके यांनी करून दिलेला होता. खाली मात्र कोणाही अमेरिकन माणसाकडे असते तशी साधी जीन आणि पळण्याचे बूट. त्यामागची हकिगत कामगारांनी विशेष ऐकण्यासारखी आहे. मियाके यांनी १९८१ साली ‘सोनी’च्या कामगारांसाठी बाह्या सुटणारे जाकीट केले होते. युद्धानंतर लोकांना कपडेच नव्हते, तेव्हा जपानी कारखान्यांना ते पुरवावे लागले आणि त्यातून गणवेशाची प्रथा पडली, असे ‘सोनी’च्या प्रमुखांनी जॉब्झना सांगितले. जॉब्झ यांनी आपल्या माणसांसाठीही तसा गणवेश करवून नेला, पण त्यांनी तो हुर्यो उडवून नाकारला. मग जॉब्झ यांनी तो विचार सोडला आणि फक्त स्वतःसाठी काळे सदरे मागवले. वरून लादलेला कपडा आणि आपण निवडलेला कपडा यांतला फरक यापेक्षा स्पष्ट मी कुठे वाचला नाही.

आता व्यवहाराचे दोन शब्द. आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठात पारा बेचाळिसाच्या पुढे जातो. लोकरीचा काळा अंगरखा इथे दिवाळी ते संक्रांत एवढाच चालेल. उन्हाळ्यासाठी सुती किंवा तागाचा पाहावा. मियाके यांचे बारीक चुण्यांचे कपडे ‘प्लीट्स प्लीज’ या नावाने १९९३ साली आले. कपडा मापाच्या अडीच-तीनपट मोठा शिवायचा, मग कागदांच्या मध्ये घालून तापलेल्या यंत्रातून काढायचा, म्हणजे चुण्या कायमच्या बसतात. कापड पॉलिएस्टरचे असते, म्हणून वजनाला हलके आणि लवकर वाळते. पण त्यावर इस्त्री फिरवली तर शंभर चुण्यांचा सत्यानाश. जपानात वापरलेल्या कपड्यांचा व्यापार मोठा आहे. घ्यायचेच तर तिथला माल पाहावा. आणि हप्त्यावर किंवा उसनवारीवर मुळीच घेऊ नये. कर्जाने घेतलेला कपडा अंगावर सैल असला तरी गळ्याला आवळतो.

काही मित्र मला म्हणतात, कष्टकऱ्याला ही चैन कशाला? साधे मोजके घालावे, मोकळे व्हावे. मी नम्रपणे सांगतो, हा उपदेश आपल्याला फार जुना आहे. कोणी काय घालावे हे गावाने ठरवायचे आणि कपड्यावरून जात ओळखायची, ही रीत इथेच होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की जातीची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाका, नीटनेटक्या राहा. स्वतः बाबासाहेबांचा सूट ही हौस नव्हती. ते उत्तर होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, तेव्हा त्यांना विश्रांती मिळालीच. शिवाय कामाचे कपडे उतरवून मनाजोगे कपडे घालण्याचा एक दिवस मिळाला. कष्टकऱ्याला सुंदर वस्तूचा हक्क नाही, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

पण हक्काबरोबर एक प्रश्न येतो: शिवणाऱ्याला काय मिळाले? २४ एप्रिल २०१३ रोजी बांगला देशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांतली बहुतेक जगाला स्वस्त कपडे पुरवणारी शिवणकामगार होती. स्वस्ताची किंमत कोणीतरी चुकवतच असतो. म्हणून दहा स्वस्त कपड्यांपेक्षा एक चांगला घेऊन दहा वर्षे वापरणे यात मला आता चैन दिसत नाही. मात्र महाग म्हणजे न्यायाचा, असेही धरून चालू नये. विचारण्याची सवय दोन्हीकडे ठेवावी. आणि बोलका कपडा टोकियोचाच हवा असेही नाही. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, सुती ताण्यावर रेशमी बाणा घालून हिमरू विणणारे मोजके हात अजून आहेत. हिमरूची शाल जीन आणि पांढऱ्या सदऱ्यावर घेतली तर वरचे सगळे नियम तिलाही लागू पडतात, आणि पैसा आपल्याच विणकराच्या घरी जातो.

गेल्या दिवाळीला भाचा पुन्हा आला. मीच त्याला ते जाकीट काढायला लावले. या वेळी खाली पांढरा पायजमा, आत खादीचा सदरा आणि पायात जुनी वहाण. बाजारातून आम्ही दोघे चालत गेलो. कोणी हसले नाही. आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या शिंप्याने मात्र हाक मारून थांबवले, जाकीट उतरवून घेतले आणि उलटे करून शिवण पाहू लागला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाळा, ज्याने शिवले त्याला घाई नव्हती. रोज घालीत जा. ठेवून ठेवून कपडा मरतो.”

माझे म्हणणे याहून फार वेगळे नाही.