पडद्यावरची गाडी आणि गिअरचे गणित

परीक्षा संपल्या की घरोघरी कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती सुरू होतात. कर्कश संगीत, टायरांचा चीत्कार आणि स्वयंपाकघरातून तिसऱ्यांदा आलेली जेवणाची हाक! पण घटकाभर थांबून पडद्याकडे पाहिले, तर कित्येकदा गाडी धावतच नसते. ती गॅरेजमध्ये उभी असते आणि चिरंजीव आकड्यांच्या पट्ट्या डावीकडे-उजवीकडे सरकवत बसलेले असतात. या उद्योगाला मुले 'ट्यूनिंग' म्हणतात. वडीलमंडळींना तो शुद्ध वेळेचा अपव्यय वाटतो. वास्तविक या खेळात डोके लागते ते इथेच.

२००१ साली 'द फास्ट अँड द फ्युरियस' हा चित्रपट आला आणि रात्रीच्या रस्त्यावर सजवलेल्या मोटारी पळवण्याचे वेड जगभर पसरले. २००३ मध्ये 'नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड' हा खेळ बाजारात आला आणि २००४ मध्ये त्याचा दुसरा भाग. कॅनडात तयार झालेल्या या दुसऱ्या भागात बेव्ह्यू नावाचे काल्पनिक शहर होते आणि गॅरेजमध्ये होता 'डायनो'. खऱ्या वर्कशॉपमध्ये गाडीची चाके रुळांवर फिरवून इंजिनाचा जोर मोजणारे जे यंत्र असते, त्याचीच ही नक्कल. नुसता महागडा सुटा भाग विकत घेऊन भागत नसे. तो आपल्या शर्यतीला जुळेल असा बसवून घ्यावा लागे. पुढे 'फोर्झा होरायझन'सारख्या खेळांनी हेच काम अधिक बारकाईने केले.

एक मिळवा, एक गमवा

गिअरचेच पाहा. गिअरची सायकल चालवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. चढावर हलका गिअर टाकला तर पाय भराभर फिरतात, सायकल चढते, पण वेग येत नाही. सपाटीवर जड गिअर वेग देतो, पण सिग्नलपासून निघताना दम काढतो. मोटारीत सगळ्या गिअरांच्या शेवटी आणखी एक प्रमाण असते, त्याला 'फायनल ड्राइव्ह' म्हणतात. समजा, इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेते, वरच्या गिअरचे प्रमाण ०.८ आहे, फायनल ड्राइव्ह ४ आहे आणि चाक एका फेऱ्यात २ मीटर जाते. ०.८ गुणिले ४ म्हणजे ३.२. सात हजारांना ३.२ ने भागले की चाकाचे फेरे मिळतात, साधारण २१८७. गाडीचा वेग होतो ताशी सुमारे २६२ किलोमीटर. आता पट्टी सरकवून ४ चे ३.५ करा. वेग एकदम ३०० वर! मुलगा खूश होतो आणि पुढची शर्यत हरतो.

का? कारण चाकाला मिळणारा रेटा प्रत्येक गिअरमध्ये आठव्या हिश्शाने घटलेला असतो. गल्लीबोळांतून जाणाऱ्या, दर दोनशे मीटरवर वळण असलेल्या मार्गावर ३०० चा वेग येणार कधी? तेथे वळणातून चटकन उसळी घेणारी गाडी जिंकते. शिवाय त्या वेगाला हवेचा विरोध तोडण्याइतकी ताकद इंजिनात नसेल, तर ते ३०० निव्वळ कागदावरच राहतात. 'सर्वांत चांगले सेटिंग कोणते?' हा प्रश्नच मुळी चुकीचा आहे. कोणत्या रस्त्यासाठी, हे आधी विचारायला हवे.

सस्पेन्शनची गंमत आणखी वेगळी. नवशिका सगळ्या स्प्रिंगा कडक करून टाकतो. शर्यतीची गाडी कडकच असणार, ही त्याची समजूत. पण वळणावर गाडी कलू नये म्हणून जो आडवा दांडा असतो, तो पुढच्या बाजूला फार कडक केला तर पुढच्या टायरांची पकड आधी सुटते. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जाऊ पाहते. मागचा कडक केला तर उलट, गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. घसरत वळण्याच्या 'ड्रिफ्ट' शर्यतीत नेमके हेच हवे असते, इतरत्र तोच दोष ठरतो.

टर्बोचीही तीच कथा. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली याचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानेच एक पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर जास्त हवा आत कोंबायची. मोठा टर्बो वरच्या फेऱ्यांना भरपूर ताकद देतो, पण पंख्याने वेग घेईपर्यंत गाडी थोडी आळसावते.

ज्यांना हे खरोखर शिकायचे आहे त्यांनी एका वेळी एकच पट्टी हलवावी, त्याच मार्गावर तीन फेऱ्या माराव्यात आणि वेळ वहीत लिहावी. चार पट्ट्या एकदम हलवल्या की कोणत्या बदलाने काय झाले, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

खेळ जिथे खोटे बोलतो

गिअरच्या बाबतीत हा खेळ बराच प्रामाणिक आहे. ब्रेकच्या बाबतीत मात्र नाही. पडद्यावर भिंतीला धडकलेली गाडी क्षणात पुन्हा पळू लागते. खऱ्या रस्त्यावर वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ५० च्या वेगातली गाडी ब्रेक दाबल्यावर सुमारे १४ मीटरमध्ये थांबत असेल, तर १०० च्या वेगातली सुमारे ५६ मीटर घेते. ब्रेक दाबायला एक सेकंद उशीर झाला तर त्यात आणखी २८ मीटर मिळवा. ब्रेक कितीही भारी बसवा, टायरची पकड संपली की त्यांचा उपयोग संपतो. आणि बेव्ह्यूच्या रस्त्यावर शाळेतून सुटलेली मुले नसतात.

आपल्याकडे कायदाही स्पष्ट आहे. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती असेल तर पालकांवर किंवा गाडीमालकावर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंडाची पाळी येऊ शकते. नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल गाडीत करण्यासही मनाई आहे.

हौस भागवायला बंदिस्त जागा आहेत. अमेरिकेत रस्त्यावरची पोरे धावपट्टीवर आणण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये संस्थाच काढली. आपल्याकडे कोईमतूर, चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई आणि ग्रेटर नोएडा येथे शर्यतीचे मार्ग आहेत. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरही सरळ रेषेतल्या शर्यती झाल्या आहेत.

पडद्यावरून खऱ्या गाडीत जाऊन बसलेलेही आहेत. 'ग्रॅन टुरिस्मो' या खेळातील स्पर्धकांतून निसानने २००८ मध्ये चालक निवडले. त्यात स्पेनचा लुकास ऑर्दोनेझ पहिला आला. त्याला लगेच शर्यतीत उतरवले नाही. खऱ्या गाडीवर प्रशिक्षण आणि शर्यतीचा परवाना आधी, मग जानेवारी २००९ मध्ये दुबईची २४ तासांची शर्यत. २०११ साली ल मॉन्सच्या शर्यतीत त्याचा संघ आपल्या गटात दुसरा आला.