गांडुळाचा धडा माणसाला लावू नका

गांडुळाचा धडा सुरू झाला की मागच्या बाकावरून प्रश्न हमखास येतो. ‘मॅडम, माणसांतही असे असतात ना, दोन्हीवाले?’ वर्गात खसखस पिकते. मुलांचं मी समजू शकते. पण स्टाफरूममध्ये एका एमएस्सी झालेल्या सहकाऱ्याने चहा ढवळत तेच विचारलं आणि वर ‘त्यांना म्हणे एकट्यालाच मूल होऊ शकतं’ अशी पुस्ती जोडली, तेव्हा मात्र माझा पारा चढला.

नाही होऊ शकत. माणसात अशी एकही नोंद नाही. आणि मुळात गांडुळाला तरी सहसा एकट्याने कुठे जमतं? त्याच्या अंगात वृषणं आणि अंडाशय दोन्ही असतात, हे खरं. पण पावसाळ्यात रात्री दोन गांडुळं उलटसुलट तोंडं करून चिकटतात, शुक्राणूंची देवाणघेवाण करतात, आणि मग दोघंही आपापली अंडी घालतात. आपल्याकडच्या फेरेटिमा गांडुळात तर शुक्राणू आधी पक्व होतात आणि अंडी नंतर, म्हणजे घरच्या घरी उरकायची सोयच नाही. काहींत तर दोन्ही गोष्टी एकामागून एक येतात. अलिबाग-पेणकडचा जिताडा मासा घ्या. तो आधी नर असतो. काही वर्षांनी, चांगला थोराड झाल्यावर, त्याची मादी होते. दोन-तीन किलोचा असेल तर बहुधा नर, मीटरभर लांबीचं धूड असेल तर बहुधा मादी. खाणाऱ्याला फरक पडत नाही, ही गोष्ट वेगळी.

घोटाळ्याचं अर्धं मूळ शब्दात आहे. जास्वंदीचं फूल उभयलिंगी, गांडूळ उभयलिंगी, बातम्यांमध्ये स्त्री-पुरुष दोघांचं आकर्षण वाटणारी व्यक्तीही उभयलिंगी, आणि वेगळी शरीररचना घेऊन जन्मलेलं बाळही उभयलिंगीच! एका शब्दाला किती राबवायचं? डॉक्टरांनी माणसांसाठीचा ‘हर्माफ्रोडाइट’ हा शब्द २००६ च्या आंतरराष्ट्रीय निवेदनात मोडीत काढला. आपण ‘इंटरसेक्स’ किंवा ‘आंतरलिंगी’ म्हणावं.

आता शरीराचं. साधारण सहा आठवड्यांपर्यंत मुलगा काय नि मुलगी काय, गर्भ सारखाच दिसतो. पुढे एकाच उंचवट्यातून शिश्न तरी होतं, नाहीतर शिश्निका. त्याच्या बाजूच्या घड्यांमधून वृषणकोश तरी होतो, नाहीतर भगोष्ठ. कणकेचा गोळा एकच. त्याची पोळी लाटा नाहीतर पुरी. एकाच गोळ्यातून पोळी आणि पुरी दोन्ही पूर्ण आकाराच्या कशा होतील? मधलं काहीतरी होऊ शकतं, आणि बाहेरून दिसणारं आंतरलिंगीपण ते हेच. अंडाशय आणि वृषण दोन्हींच्या पेशी एकाच शरीरात असल्याची उदाहरणं आहेत, पण फार विरळा.

पुष्कळदा तर बाहेरून काही दिसतही नाही. सोळावं सरलं तरी पाळी नाही म्हणून मुलीला तपासायला नेतात आणि गुणसूत्रं एक्सवाय निघतात. पोटात वृषणं असतात, टेस्टोस्टेरॉनही तयार होत असतं, पण पेशींना त्याचा निरोपच पोचत नाही. ती मुलगी काल होती तशीच आज आहे. बदललाय तो फक्त आई-बापाच्या हातातला कागद.

बाकीचे गैरसमज भराभर घेते. आंतरलिंगी म्हणजे तृतीयपंथी? नाही, पहिली गोष्ट शरीराची, दुसरी स्वतःच्या ओळखीची. २०१९ च्या कायद्याने मात्र दोघांना एकाच व्याख्येत कोंबलं. प्रमाण १.७ टक्के? तो जीवशास्त्रज्ञ ॲन फॉस्टो-स्टर्लिंग यांचा आकडा. डॉक्टर लिओनार्ड सॅक्स यांनी २००२ मध्ये तो ०.०१८ टक्क्यांवर आणला, कारण दोघांनी मोजलं वेगवेगळं. घारापुरीचा अर्धनारीश्वर हा पुरावा? ते तत्त्वज्ञान आहे. अर्धं अंग नर, अर्धं मादी असं फुलपाखरांत आणि पक्ष्यांत क्वचित खरोखर आढळतं. आपली संप्रेरकं रक्तातून दोन्हीकडे सारखीच फिरतात, त्यामुळे मधोमध रेघ पडत नाही. ‘लहानपणीच ऑपरेशन उरकून टाका’? मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडूने २०१९ मध्येच तान्ह्या बाळांवरच्या अशा शस्त्रक्रियांवर बंदी घातली. जिवावरचा प्रसंग तेवढा अपवाद.

आणि ज्या प्रकारात खरंच घाई हवी, तिथे लोक नेमके बाळ दुपट्यात झाकून बसतात. अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात विकारात एका विकराच्या कमतरतेमुळे पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात, म्हणून मुलीचे बाह्य अवयव मुलासारखे दिसू शकतात. जगभरात साधारण पंधरा हजार बाळांमागे एकाला हा विकार असतो. त्यातल्या बऱ्याच बाळांच्या शरीरातून मीठ निसटत राहतं. मुलगा असेल तर तो दिसायला नेहमीसारखाच असतो, त्यामुळे शंकाही येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध ओढेनासं झालं, उलट्या करू लागलं, वजन उतरलं, तर दृष्ट काढत बसू नका. त्याच दिवशी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन तपासून घ्या. निदान झालं तर औषध रोज, जन्मभर घ्यावं लागतं, आणि ते घेऊन मूल शाळेत जातं.