जुनी दमदार गाडी, बेताचं बजेट

कुरुंद्यात हळदीच्या-उसाच्या पैशातून जुनी वेगवान गाडी घ्यायची, तर आधी सुटे भाग मिळतील का ते पाहा. रांजणगावला बनलेली फियाटची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो पळायला जबरदस्त. पण फियाटची मोटारविक्री भारतात थांबल्याने तिचे भाग शोधत फिरावं लागतं. २०१७ ची बलेनो आरएस सांभाळायला सोपी. तिच्या जातीचं एक लिटरचं टर्बो इंजिन पुढे फ्रॉन्क्सलाही आलं. टर्बोला वेळच्या वेळी ऑइल बदललेलं लागतं, म्हणून सर्व्हिसच्या नोंदी मागाच. इंजिन थंड असताना सुरू करून धूर बघा. थकीत चलन, कर्जाचा बोजा तपासा, फॉर्म २९ व ३० भरून गाडी नावावर करा. टायर-ब्रेकसाठी बजेटचा पाचवा हिस्सा राखून ठेवा; वेगाआधी ब्रेक भरवशाचे हवेत.